नळीतला रंग

आप्पांबद्दल लिहिताना मी ‘ते’, ‘त्यांना’ असंच लिहिणार आहे. ती सवय आहे, आदर नव्हे. वडिलांना एकेरी बोलायची आमच्या घरात रीत नव्हती आणि आता या वयात जीभ वळत नाही. पण वाचणाऱ्यानं गैरसमज करून घेऊ नये. मला माझे वडील आवडत नव्हते, त्यांना मी आवडत नव्हते, आणि हे आम्ही दोघांनीही कधी लपवलं नाही. मधे आई होती, ती दोन्हीकडची बोलणी खायची.

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर म्हणजे आधी माग आणि मग उरलेल्या जागेत माणसं. पुढच्या खोलीत खड्डामाग होता. खड्ड्यात पाय सोडून आप्पा सकाळी सातला बसायचे ते दिवे लागेपर्यंत. त्यांचा हात चांगला होता, हे मी नाकबूल करत नाही. त्यांनी विणलेल्या काठाला कुणी नाव ठेवलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. जीभ मात्र विषारी. मी मराठी शाळेत मास्तरीण होते, वय चौतीस, लग्न झालेलं नव्हतं. दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा आप्पांनी पाहुण्यांसमोर माझ्याबद्दल असं काही बोलून ठेवलं की ती माणसं अर्धा चहा टाकून उठली. त्यानंतर कुणी आलं नाही आणि मीही कुणाची वाट बघितली नाही.

ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आप्पांच्या पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरेना. गल्लीच्या तोंडावर दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मधुमेह निघाला. आप्पांचा जीव गोडात. बेळगावात राहून कुंदा न खाणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धवट डोक्याचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद करायला सांगितलं, आणि घरच्या घरी साखर बघता यावी म्हणून एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली आणायला लावली. रोज सकाळी नळीत थोडं निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब सोडायचे, दिव्यावर उकळायचं आणि रंग बघायचा. निळा तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी आहे. मग पिवळा, मग नारिंगी, आणि विटकरी झाला म्हणजे अंगात नुसती साखर. हे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. रोजचा रंग लिहून ठेवायला मी शाळेतली एक कोरी वही घातली.

पहिल्या आठवड्यापासूनच रंगावरून भांडण सुरू झालं.

“निळं हाय की,” नळी खिडकीकडं धरून आप्पा म्हणायचे.

“आप्पा, पिवळं झालंय. नीट बघा.”

“मला रंग शिकवतीस व्हय गं? चाळीस वरीस रंगात हात हाय माझा. मोरपंखी कुठला आणि पोपटी कुठला, हे तुझ्या शाळेतल्या मास्तरांस्नी ईचार जा. निळं लिही.”

मी पिवळं लिहायची. ते उठून जायचे. मला वाटायचं, हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय. बोलतही होतेच. मागाच्या कांड्या ठेवायच्या पेटीत, रेशमाच्या खाली, कागदात बांधलेला कुंदा मला तीन वेळा सापडला. पण रंगाच्या बाबतीत ते पुरते खोटारडे नव्हते, हे मला पुढं मिरजेला कळलं. त्यांना सगळंच मळकट दिसत होतं. त्या मळकटातून ते स्वतःला सोयीचा रंग उचलत होते.

डोळ्यांचं आधी मागावर उघडं पडलं. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की विणकर तो बोटांनी शोधतो, गाठ मारतो आणि पुढं जातो. मला हे वाक्य लिहायला लागला तेवढा वेळही त्याला लागत नाही. आप्पांना आता तुटलेला धागा दिसेना. आई मागाच्या पलीकडं गुडघ्यावर बसून धागा शोधायची आणि त्यांच्या बोटात द्यायची. धागा उशिरा सापडला तर शिवी तिला. एका साडीत काठाची नक्षी दोन बोटं सरकली आणि पेढीवरून साडी परत आली. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. साडी गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकली आणि आईला म्हणाले, “तुझ्या आंधळेपणानं गेली ही.”

मला त्यांची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. पण घरात आंधळा माणूस म्हणजे काय, हे मी शेजारी बघितलं होतं, आणि त्यातही आप्पांसारखा माणूस माग सुटल्यावर दिवसभर आईच्या मागं लागेल, ही भीती होती. मी शाळेत रजा टाकली आणि त्यांना रेल्वेनं मिरजेला नेलं. सबंध वाटेत ते खिडकीकडं तोंड करून बसले. मी दिलेली भाकरी त्यांनी शेजारच्या बाईच्या पोराला दिली.

मिरजेचे डॉक्टर म्हातारे होते, कमी बोलणारे. डोळ्यांत थेंब घालून त्यांनी आप्पांना तासभर बसवलं, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन बराच वेळ बघितलं. बाहेर येऊन ते माझ्याशी बोलले, कारण आप्पा त्यांच्याकडं बघतही नव्हते.

“मोतीबिंदू दोन्हीकडं आहे. उजवा जास्त पिकलाय. तो काढणं काही मोठं नाही. पण आत, मागं, डोळ्याचा पडदा असतो, ज्याच्यावर सगळं उमटतं. साखरेनं तो खराब व्हायला लागलाय. डाव्या डोळ्यात मला रक्ताचे ठिपके दिसले. उजव्यात मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही, पण तिथंही असणारच.”

“मग ऑपरेशन?”

“करायचं, पण आत्ता नाही. साखर अशी वर असताना ऑपरेशन केलं तर पडद्याचा आजार उसळतो. दोन महिने दिसेल, मग जे जाईल ते परत यायचं नाही. आधी तीन-चार महिने साखर आटोक्यात आणा. एकदम उपाशी ठेवून पाडू नका, त्यानंही पडदा बिघडतो, हळूहळू आणा. मग पडद्याला यंत्रानं प्रकाशाचा शेक देऊ, जिथं गळतंय तिथं. ते झालं की मोतीबिंदू. हा क्रम चुकवू नका.”

आप्पा खुर्चीतून म्हणाले, “दोन म्हयनं दिसंल म्हंता न्हवं? मग काढा की.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि कागदावर गोळ्या लिहून दिल्या.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात लढाईचे गेले. मी शाळेला जाताना डबा, पेटी, माळा सगळं तपासायची. चहा बिनसाखरेचा, भाकरी मोजकी, भात मूठभर. आप्पा गल्लीत कट्ट्यावर बसून सांगायचे, पोरगी मला उपाशी मारतीया. लोक मला वाटेत अडवून विचारायचे. पण वहीत फरक पडत होता. विटकरीचं नारिंगी झालं, नारिंगीचं पिवळं. दीड महिन्यानं एका सकाळी हिरवा आला, तेव्हा मी तो रंग दोनदा लिहिला. आप्पांना दाखवला तर म्हणाले, “निळंच हाय ते, मी पैल्यापासनं सांगतोय.”

आणि मग चुलत्यांचं शिबिर आलं.

आमचे चुलते, आप्पांचे धाकटे भाऊ, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष होते. विणकामाचा त्यांना पहिल्यापासून कंटाळा, भाषणाची मात्र हौस. मंडळातर्फे मंगल कार्यालयात मोतीबिंदूचं मोफत शिबिर ठरलं. आठवडाभर रिक्षा कर्णा लावून फिरत होती. यादीत पहिलं नाव आपल्या भावाचं असावं, उद्घाटनाला त्यालाच पहिलं खाटेवर निजवावं आणि फोटो निघावा, असं चुलत्यांनी ठरवून टाकलं. ते घरी आले तेव्हा आप्पा मागावरून उठून त्यांना सामोरे गेले. मला कधी असे सामोरे आले नव्हते.

अडचण एकच होती. शिबिराच्या डॉक्टरांचा नियम कडक होता. प्रत्येकानं सकाळची पहिली लघवी घरून बाटलीत आणायची, बाटलीवर नावाची चिठ्ठी. तिथं तीच निळी नळी उकळणार. निळी राहिली तर ऑपरेशन, रंग बदलला तर घरी, साखर उतरवून पुढच्या वर्षी या. नियम चांगला होता. त्यात खोट काढली ती आमच्या लोकांनी. मागच्या वर्षी दुसऱ्या गल्लीत शिबिर झालं तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक झालं होतं की बाटलीवर नाव कुणाचं आहे ते बघतात, आत काय कुणाचं आहे ते कोण बघणार? ज्याला साखर असेल त्यानं शेजाऱ्याची लघवी भरून न्यायची. लोक ती मागायला यायचे, विरजण मागायला यावं तसे. देणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटायचं, कारण एका म्हाताऱ्याला डोळे मिळत होते.

चुलते आईला म्हणाले, “वैनी, बाटली कुणाची बी चालतीया. त्यात काय एवढं?”

मी मधे पडले. मिरजेच्या डॉक्टरांचा क्रम सांगितला. अजून दोन महिने कळ काढा, रंग हिरव्यावर आलाय, म्हटलं.

“मिरजेचा मोठा डॉक्टर, आणि हितं येणारे काय न्हावी हाईत?” चुलते म्हणाले. “तू पोरास्नी बाराखडी शिकीव बाई.”

शिबिराच्या आदल्या दिवशी मी आप्पांना शेवटचं सांगितलं. ते मागावर बसले होते, आई पलीकडं धागा शोधत होती. दार उघडं होतं, गल्लीत बायका होत्या. आप्पा एकदम मोठ्यानं बोलायला लागले.

“हिला माझं डोळं नगंच हाईत. माझा माग बंद पडला की हिच्या पगाराची मिजास चालंल घरात. म्हणून बसलीया अडवून. दोन म्हयनं, दोन म्हयनं. मी मरायची वाट बघतीया ही.”

गल्लीतल्या बायकांनी काम थांबवून ऐकलं. मी आत गेले आणि हात धुतले, का ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई माझ्या अंथरुणाशी आली. हातात खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली होती, तिच्यावर आप्पांच्या नावाची चिठ्ठी आधीच चिकटवलेली.

“माझी न्हाय चालायची गं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मलाबी आसली साखर तर? कुणी बघितलंय? तू दे. तुझं अंग निरोगी हाय.”

मी नाही म्हणू शकले असते. घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं की त्या बाटलीनं काय होईल. आई अडाणी होती, चुलते फोटोच्या मागं होते, आप्पा आप्पा होते. क्रम मी ऐकला होता, दीड महिना वही मी लिहिली होती. तरीही मी उठले आणि बाटली भरून दिली. आईच्या तोंडाकडं बघून दिली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी रागानं दिली. मला वाटलं, जाऊ दे, होऊ दे एकदाचं, आणि मग बघू कोण कुणाच्या मरायची वाट बघत होतं. त्यांना तोंडघशी पडलेलं मला बघायचं होतं.

बाटली निळी निघाली. निघणारच होती.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. फोटो निघाला, त्यात चुलते मोठे दिसतात आणि आप्पा पट्टी बांधून आडवे. मंगल कार्यालयात सतरंज्यांवर रोग्यांची रांग होती. त्या काळी डोळ्याला टाके असायचे आणि आठवडाभर हालायचं नाही, खोकायचं नाही, काही चावायचं नाही, असा दंडक होता. चावायचं नाही म्हटल्यावर गल्लीतल्या बायकांना एकच पदार्थ सुचतो. सकाळ-संध्याकाळ पातेलंभर शिरा. त्यावर साखर घातलेलं दूध. निपाणीहून आत्या आली तीही पेढे कुस्करून दुधात कालवून घेऊन.

मी मऊ भात आणि आमटी घेऊन गेले. आप्पांनी डबा हातानं ढकलला.

“सगळ्यास्नी शिरा, आणि माझ्याच भावाला आमटी?” चुलते तिथंच होते. “कागदावर बघ. साखर न्हाय त्याला. तपासलंय डॉक्टरांनी.”

मी शिबिराच्या नर्सला सांगायला गेले. तिनंही कागद काढून दाखवला. कागदावर साखर नाही असं लिहिलेलं होतं, आणि ते मीच दिलेल्या बाटलीवरून लिहिलेलं होतं. साखर नसलेल्या माणसाला साखरेच्या गोळ्या कशाला, म्हणून त्या घरीच राहिल्या. तिथंच मी तोंड उघडायला हवं होतं. शिबिराच्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं की बाटली खोटी आहे, या माणसाला जपा, गोळ्या सुरू करा. पण सांगितलं असतं तर चुलत्यांचं शिबिर बदनाम, आप्पांचं नाव खराब, आणि मी खोटं काम करणारी मास्तरीण. मी डबा उचलून घरी आले आणि भात आईला वाढला.

पट्टी सुटली. महिन्याभरानं जाड भिंगाचा चष्मा आला. आणि आप्पांना दिसायला लागलं.

ते दिवस मला आठवले की अजून अंगाचा तिळपापड होतो. आप्पा गल्लीभर फिरून रंग सांगत होते. याच्या दाराचा हिरवा, त्याच्या लुंगीचा किरमिजी. मागावर बसून त्यांनी एक साडी विणली, आईची मदत न घेता, आणि काठ एका सरळ रेषेत उतरवला. ती साडी माझ्यासमोर धरून म्हणाले, “बघा मास्तरीणबाई. दोन म्हयनं थांबलो असतो तर ही झाली असती व्हय?” मिरजेच्या डॉक्टरांची ते नक्कल करायचे, मान हलवत, हळूहळू आणा, हळूहळू आणा. बसलेली माणसं हसायची. नळी आणि दिवा त्यांनी फळीवर टाकून दिले होते. मी वही शाळेत नेली आणि तिच्या उरलेल्या पानांवर मुलांना शुद्धलेखन घातलं. माझंच चुकलं की काय, असंही मला कधी कधी वाटायचं. म्हणजे मी बाटली दिली ते बरंच केलं, असं.

मग एका सकाळी माग थांबला. मी शाळेला निघाले होते. आप्पा खड्ड्यात बसून ताण्यावर वाकले होते आणि बोटांनी काहीतरी शोधत होते.

“धागा तुटलाय,” ते आईला म्हणाले. “काळा. हितं लोंबतोय, घावंना.”

आईनं बघितलं. ताणा पिवळा होता, त्यात काळा धागा नव्हताच आणि एकही तुटला नव्हता. आप्पांनी परत बोटं फिरवली. ते बोटांनी जो धागा पकडायला बघत होते तो मागावर नव्हता, त्यांच्या डोळ्यात होता. मान फिरवली की तोही फिरत होता. मला ते लगेच कळलं. मी दाराशी उभी होते, पिशवी खांद्याला. हेच बघायचं होतं ना तुला, असं मी स्वतःला विचारलं.

चार दिवसांनी त्यांना उजव्या डोळ्यासमोर लाल धूर दिसायला लागला. मग धूरही गेला आणि काहीच राहिलं नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू तसाच होता. चुलते आले, म्हणाले, भावा, नशीब एकेकाचं, आणि चहा पिऊन गेले. फोटो मंडळाच्या भिंतीवर तसाच राहिला.

परत मिरज. या वेळी आप्पा माझा खांदा धरून चालत होते. धरताना बोटं रुतवत होते, जाणूनबुजून की काय, कुणास ठाऊक. डॉक्टरांनी उजवा डोळा बघितला आणि दिवा बाजूला ठेवला. आत रक्त भरलं होतं, पडदा सुटला होता. त्यांनी शिबिराचा कागद मागितला.

“साखर नाही, असं लिहिलंय,” ते म्हणाले. “ऑपरेशनच्या वेळी साखर खरंच ताब्यात होती?”

“व्हती,” आप्पा म्हणाले. “निळी निघाली. सगळ्यांनी बघितलीया.”

डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. मग माझ्याकडं वळले. “साखर ताब्यात असूनही ऑपरेशननंतर पडदा असा सुटला असेल, तर डाव्या डोळ्याला मी हात लावणार नाही. हाही तसाच जाईल. जे थोडं धूसर दिसतंय ते राहू दे. मोतीबिंदू आणखी पिकेल, पण नाइलाज आहे.”

आप्पांना शब्द नीट कळले होते. डाव्या डोळ्यातून त्यांना माणसाचा आकार आणि दाराचा उजेड दिसत होता, आणि तोही हळूहळू जाणार होता. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते बसले होते. खरं सांगितलं तर तो डोळा कदाचित वाचणार होता. आणि ते सांगणार नव्हते. भावाचं नाव, स्वतःचं नाव, डॉक्टरसमोर खोटं पडणं, या सगळ्यापुढं त्यांनी डोळा सोडून दिला होता. एवढा हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही.

“ती बाटली माझी होती,” मी म्हटलं.

“गप बस,” आप्पा म्हणाले.

“लघवी माझी होती. यांची साखर वर होती. शिबिरात आठ दिवस शिरा खाल्ला, गोळ्या बंद होत्या. मला तुम्ही सांगितलेलं सगळं माहीत होतं आणि तरी मी बाटली भरून दिली.”

डॉक्टर रागावले. आवाज न चढवता रागावणारी माणसं असतात, तसे. तुम्ही शिक्षिका आहात ना, एवढंच मला विचारलं. मग त्यांनी शिबिराचा कागद फाडला नाही, त्याच्यावर लाल शाईनं एक रेघ मारली आणि खाली नवीन काहीतरी लिहिलं. “मग निदान कारण तरी कळलं,” ते म्हणाले. “डाव्या डोळ्याला संधी आहे. सहा महिने साखर ठेवून दाखवा. रोजचा रंग लिहून आणा, खरा. पडद्याला शेक आधी, ऑपरेशन सगळ्यात शेवटी. या वेळी क्रम चुकला तर माझ्याकडं येऊ नका.”

बेळगाव स्टेशनवर उतरल्यावर आप्पांनी माझा खांदा धरला नाही. चाचपडत कठड्याला लागून चालले, दोनदा अडखळले, पण हात पुढं केला नाही. बाटली भरून दिली याचा त्यांना राग नव्हता, ती तर त्यांनाच हवी होती. परक्या माणसासमोर त्यांना खोटं पाडलं, याचा होता. तो राग त्यांनी नीट सांभाळून ठेवला.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. काही हवं असलं तर आईला सांगायचे, “तिला सांग, पाणी तापीव म्हणून.” मी त्याच खोलीत असायची. पण कुंदा बंद झाला. भाकरी मी मोजून वाढायची तेवढीच खायचे, मुकाट्यानं. गोळ्या आईच्या हातून घ्यायचे. मिरजेला तीनदा शेक द्यायला नेलं. डोळ्यात तो प्रकाश मारताना दुखतं म्हणतात, त्यांनी हूं का चूं केलं नाही. रंगांसाठी मी नवी वही घातली होती, ती दर वेळी डॉक्टरांसमोर ठेवली. नारिंगी, पिवळा, हिरवा, हिरवा, निळा. डॉक्टर पानं उलटायचे आणि आप्पा भिंतीकडं बघत बसायचे. सहाच्या जागी आठ महिने लागले. मग मिरजेलाच डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी शाळेतून रजा काढून दवाखान्यात राहिले आणि बिनसाखरेची पेज चमच्यानं भरवली. ते तोंड उघडायचे, पण माझ्याकडं तोंड करून नाही.

चष्मा आला त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी नेहमीप्रमाणं नळी दिव्यावर धरली, उकळली, आणि वही उघडून पेन्सिल घेतली. आप्पा मागावरून उठले. वर्षभरात ते नळीजवळ आले नव्हते. त्यांनी माझ्या हातातून फडक्यासकट नळी घेतली आणि खिडकीशी गेले. उन्हात धरून बघितली, जवळ आणली, लांब नेली, रेशमाची लड बघतात तशी.

“हिरवी,” ते म्हणाले. आईला नाही, मला. “पोपटी न्हवं, हिरवी. काल शेजारच्या पोरीच्या बारशाला गेलतो तिथं एक लाडू खाल्ला.”

मी पेन्सिल धरून बसले होते.

“लिही की. आणि बराबर लिही. तुझा भरवसा न्हाय मला.”

मी हिरवा लिहिलं. त्यानंतर आप्पा पुष्कळ वर्षं जगले आणि त्या एका डोळ्यावर त्यांनी माग चालवला. चुलत्यांशी ते पूर्वीसारखेच बोलत राहिले. माझ्याशी दिवसातून एक शब्द बोलायचे, रंगाचा, आणि तो कधी खोटा सांगितला नाही. एक डोळा माझ्यामुळं गेला आणि एक माझ्यामुळं राहिला, आणि त्यांनी मला दोन्हीची माफी दिली नाही. रोज सकाळी रंग सांगून झाला की मी तो वहीत लिहीपर्यंत ते त्या राहिलेल्या डोळ्यानं माझ्या हाताकडं बघत उभे राहायचे.